फॉरेक्स आपल्यासारख्याचं काम आहे का, हे ओळखायचं कसं?

भडंगवाला
नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मूळचा जयसिंगपूरचा, सध्या हिंजवडीत सपोर्टच्या नोकरीत. हातात ५२ हजार येतात. बायको शिक्षिका, मुलगी पहिलीत. दोन एसआयपी आहेत, बाकी बाजाराशी संबंध नाही. गेल्या दिवाळीत मावसभावाच्या मित्राने मोबाइलवर एक फॉरेक्स, म्हणजे चलनांच्या सौद्यांचं अ‍ॅप दाखवलं. युरो-डॉलर, पौंड-डॉलर वगैरे. मला रात्री साडेनऊ ते बारा वेळ असतो आणि तेव्हा हा बाजार चालू असतो, ही गोष्ट आवडली. तीन महिने डेमो खात्यावर (खोट्या पैशांच्या) खेळलो, १०,००० डॉलरचे १३,४०० केले. मग खरे वीस हजार रुपये टाकले. त्याचे पंधरा दिवसांत बावीस झाले, नंतर सोळा, आज अठराच्या आसपास.

मला टिप नको, स्ट्रॅटेजी नको. हे आपल्यासारख्या माणसाचं काम आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं एवढंच विचारायचंय. बायको म्हणते जुगार आहे. मावसभाव म्हणतो, शेअरपेक्षा सोपं, फक्त वर की खाली एवढंच सांगायचं. मला दोघांचंही पटत नाही.

हजरजबाबी
"फक्त वर की खाली" हे नाणेफेकीलाही लागू आहे. तिथे दर फेकीला पंचाच्या हातावर पैसे ठेवावे लागत नाहीत, हा फरक.

निवांत_काका
बत्तीस वर्षं बँकेत होतो, त्यातली अकरा ट्रेझरीत, म्हणजे डॉलर-युरोच्या खोलीत. आता नावाप्रमाणे निवांत. उत्तर देतो, पण आधी तीन गोष्टी सांग. अ‍ॅप इथल्या एक्स्चेंजशी जोडलेलं आहे की बाहेरचं? पैसे भरताना समोर कोणाचं नाव दिसलं? आणि तिसरं, तुझ्या आयुष्यात डॉलर कुठे आहे? बाहेरून येणारा पगार, निर्यातीचं बिल, कोणाची परदेशातली फी, काहीही.

भडंगवाला
काका, अ‍ॅप बाहेरचं. तळाला बारीक अक्षरात कुठल्यातरी बेटावरचा पत्ता आहे. पैसे यूपीआयने भरले. पहिल्यांदा कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव आलं, दुसऱ्यांदा चक्क एका किराणा स्टोअरचं. तेव्हा जरा चमकलो होतो, खरं सांगतो. डॉलर माझ्या आयुष्यात कुठेच नाही. कंपनीचा क्लायंट टेक्सासात बसतो, तेवढाच.

निवांत_काका
तुझा अर्धा प्रश्न तिसऱ्या उत्तरातच मिटतो, पण क्रमाने जाऊ.

भारतात राहणाऱ्या माणसाला चलनाचा सौदा करायला फेमा, म्हणजे १९९९ चा परकीय चलन कायदा, मोजकीच दारं उघडी ठेवतो: अधिकृत बँक, रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेला मंच, नाहीतर मान्यताप्राप्त एक्स्चेंज. बेटावरची कंपनी यांतल्या कुठल्याच दारात बसत नाही. लोक म्हणतात, एलआरएस, म्हणजे बाहेर पैसे पाठवायच्या सवलतीखाली वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात की. येतात. शिक्षणाला, प्रवासाला, तिकडचे शेअर घ्यायलाही. पण परदेशी प्लॅटफॉर्मवर मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी ठेवायची अनामत भरायला नाही, हे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा एकदा जाहीर सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी काढली. आधी ३४ नावं होती, पुढे वाढत गेली. आणि यादीत नाव नाही म्हणजे अ‍ॅप अधिकृत, असं समजू नका, हेही तिथेच लिहिलंय. नियम मोडला तर दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि तो अ‍ॅपवाल्यालाच नाही, पैसे पाठवणाऱ्यालाही. वीस हजारांसाठी कोणी तुझ्या दारात येईल असं मी म्हणत नाही. पण किराणा स्टोअरच्या नावाने जे खातं होतं ना, त्याची काळजी मला जास्त वाटते. त्यावर खाली कोणीतरी अनुभवी बोलेलच.

आता अधिकृत दार. एनएसईवर डॉलर-रुपयाचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, २९ ऑगस्ट २००८ ला सुरू झाले. पुढे युरो, पौंड, येन आले. एक लॉट, म्हणजे सौद्याचं एक माप, हजार डॉलरचा, येनचा मात्र एक लाखाचा. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. म्हणजे तुझी साडेनऊची रात्र तिथे चालतच नाही. दहा पैसे हलले की लॉटमागे शंभर रुपये इकडे किंवा तिकडे. बरीच वर्षं कॉलेजची पोरंसुद्धा हे करत होती. मग ५ जानेवारी २०२४ चं परिपत्रक आलं. दहा कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यांना कागद दाखवावा लागत नाही, पण कागद असायला मात्र हवा, म्हणजे खरोखरचं परकीय चलनातलं येणं किंवा देणं हवं, हे त्यात स्पष्ट केलं. "दाखवावा लागत नाही"चा अर्थ लोकांनी "लागत नाही" असा लावला होता. एप्रिलपासून अंमल व्हायचा होता, बाजारात एवढी धावपळ झाली की तारीख ३ मेपर्यंत ढकलली. ब्रोकरांनी ग्राहकांकडून लिहून घेतलं, बऱ्याच जणांनी आपले सौदे मिटवले आणि त्या बाजाराची उलाढाल जी आपटली ती आपटलीच.

तेव्हा ज्याचं डॉलरमध्ये काही येणं-देणं नाही त्याला रुपयाच्या जोडीत नुसता अंदाज खेळायला अधिकृत जागा उरलेली नाही. हे तुझ्या स्वभावाबद्दल नाही, हिशोबाबद्दलही नाही. पहिल्या पायरीलाच हे उत्तर मिळतं आणि यूट्यूबवाले नेमकी हीच पायरी गाळतात.

पिपमास्टर_९६
काका जुन्या जमान्यातले आहेत, रिस्पेक्ट. पण भावांनो, लाखो पोरं करतात, कोणाला काय झालं? मी स्वतः महिन्याला ५०-६० हजार काढतो. डिसिप्लिन पाहिजे आणि मेंटॉर पाहिजे. ज्याला शिकायचंय त्याने माझ्या टेलिग्राम ग्रुपवर या, पहिले सात दिवस सिग्नल फुकट, (दुवा काढून टाकला आहे. – व्यवस्थापक)

तिरकी_रेघ
पिपमास्टर, महिन्याला साठ हजार ट्रेडिंगचे की तुमच्या दुव्यावरून खाती उघडणाऱ्यांच्या कमिशनचे? सरळ प्रश्न आहे. प्रत्येक सौद्यामागे आणणाऱ्याला वाटा मिळतो, तो माणूस जिंको वा हरो. मावसभावाच्या मित्रालाही तो मिळत असणार, तपासून बघा.

पिपमास्टर_९६
निगेटिव्ह लोकांमुळेच मराठी माणूस मागे आहे.

हजरजबाबी
आलं. मला वाटलंच होतं, दहा प्रतिसादांच्या आत येईल.

व्यवस्थापक
पिपमास्टर_९६ यांना ताकीद दिली आहे. ग्रुपचे दुवे, रेफरल कोड इथे चालणार नाहीत. चर्चा चालू द्या.

पोळलेला
काकांनी ज्याच्यासाठी जागा ठेवली तो मी. नाव गाव विचारू नका.

माझं अ‍ॅप निराळं, पण गोष्ट हीच. सव्वादोन लाख घातले, स्क्रीनवर पाच लाख दिसायला लागले. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी एक लाख काढायला गेलो तर "रिलेशनशिप मॅनेजर"चा फोन, अतिशय गोड बोलणारी बाई, म्हणाली नफ्यावरचा टॅक्स आधी भरा, मग पैसे सुटतील. नफ्यातून कापून घ्या म्हटलं. तसं होत नाही म्हणाली. भरले ४० हजार. मग "व्हेरिफिकेशन फी". तिथे डोकं ताळ्यावर आलं. भारतात कर सरकारला भरतात, ब्रोकरच्या यूपीआयवर नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा सुचली नव्हती.

खरा त्रास पुढेच. त्याआधी एकदा त्यांनी मला आठ हजार परत पाठवले होते, विश्वास बसावा म्हणून. ते आले होते कुठल्यातरी भलत्याच खात्यातून. ते खातं दुसऱ्या राज्यातल्या एका फसवणुकीच्या तक्रारीत अडकलेलं निघालं आणि त्या साखळीत माझं पगाराचं खातं गोठवलं गेलं. महिन्याची पाच तारीख, घराचा हप्ता, खातं बंद. बँकेत गेलो तर ते म्हणतात पोलिसांचं पत्र आहे, पोलिसांना फोन करा. ते पोलीस दोन राज्यं पलीकडे. सात आठवडे गेले. सव्वादोन लाखांचं दुःख आहेच, पण त्या सात आठवड्यांत सासऱ्यांकडून उसने घ्यावे लागले ते जास्त लागलं.

कोणाचं असं झालं असेल तर लगेच १९३० ला फोन करा, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार टाका. पहिले काही तास महत्त्वाचे, पैसे पुढच्या खात्यांत पसरले की संपलं. मी अकरा दिवस लाज वाटून गप्प बसलो होतो.

निवांत_काका
धीराने लिहिलंत. किराणा स्टोअरची भीती म्हणतो ती हीच.

भडंगवाला
वाचून हात गार पडले. पण एक विचारतो, रागावू नका. कायदा आणि फसवणूक दोन्ही समजलं. समजा मी लंडनला असतो, ब्रोकर पक्का असता. तरी हे काम माझं असतं का? डेमोत तीन महिन्यांत ३४ टक्के काढलेत ना मी. ते अगदीच खोटं कसं?

तिरकी_रेघ
खोटं नाही, पण ते वेगळ्या खेळातलं आहे. डेमोत किती लॉटने खेळत होतास आणि आता किती?

भडंगवाला
डेमोत बहुतेक १ लॉट. आता ०.१०. म्हणजे दहापट कमी केलंय, काळजी घेतलीय.

तिरकी_रेघ
आता वही काढ.

तुझ्यासारख्या अ‍ॅपवर युरो-डॉलरचा एक लॉट म्हणजे एक लाख युरो. युरो १.१६ धरला तर १,१६,००० डॉलरचा सौदा. डेमोत खात्यात १०,००० होते, म्हणजे तू भांडवलाच्या साडेअकरा पटीने खेळत होतास. आता ०.१० लॉट म्हणजे ११,६०० डॉलर, आणि खात्यात? वीस हजार रुपये, डॉलर नव्वदला धरला तर साधारण सव्वादोनशे डॉलर. एक्कावन्न पट. तुला वाटलं जोखीम दहापट कमी केली, झाली साडेचारपट जास्त. अ‍ॅपने १:५०० दिलंय, म्हणजे अनामत सौद्याच्या पाचशेव्या हिश्शाइतकीच, म्हणून मार्जिन फक्त तेवीस डॉलर अडकतं आणि बाकीचे दोनशे मोकळे दिसतात. ते मोकळे नाहीत, तीच तुझी उशी आहे.

पिप म्हणजे भावातला चौथ्या दशांश स्थानाचा एक आकडा; ०.१० लॉटला एक पिप म्हणजे एक डॉलर. युरो-डॉलर दिवसात साठ-सत्तर पिप हलणं ही रोजची गोष्ट, त्यात बातमी लागत नाही. म्हणजे काहीही विशेष न घडलेल्या दिवशी तुझ्या खात्याचा पाव ते तिसरा हिस्सा वर-खाली होतो. तुझे बावीसचे सोळा झाले ते असेच.

आता पंचाच्या हातावर ठेवायचे पैसे. स्प्रेड, म्हणजे घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातला फरक, किती आहे?

भडंगवाला
दीड पिप. कधीकधी जास्त दाखवतं. रात्री पाच-सहा सौदे होतात.

तिरकी_रेघ
सहा सौदे, वीस रात्री, १२० सौदे. दर सौद्याला दीड डॉलर, १८० डॉलर. खात्यात सव्वादोनशे. म्हणजे तुझा प्रत्येक अंदाज अगदी तंतोतंत निम्मा बरोबर, निम्मा चूक निघाला तरी महिन्याभरात खात्याचे चार पंचमांश नुसत्या दलालीत जातात. बायको जुगार म्हणते ते मला पटत नाही. पत्त्यांच्या क्लबात नाल यापेक्षा कमी कापतात.

उलट बाजूने बघ. डेमोइतकीच जोखीम ठेवायची तर ०.०२ लॉटने खेळावं लागेल. आणि तीच ३४ टक्क्यांची कमाल पुन्हा जमली असं धरू. तीन महिन्यांत ७६ डॉलर, सुमारे ६,८०० रुपये. महिन्याला सव्वादोन हजार. रात्री अडीच तास, महिन्यात बावीस रात्री, पंचावन्न तास. ताशी चाळीस-एक्केचाळीस रुपये. भडंगाच्या गाडीवर पोऱ्या ठेवलास तर त्याला यापेक्षा जास्त द्यावे लागतील.

हजरजबाबी
रेघेने गाडा उलटवला. :)

टेम्सकाठची
भडंगवाला "लंडनला असतो तर" म्हणाला म्हणून लिहिते. मी लंडनलाच असते, मूळची दादरची, आणि चार वर्षं हे केलंय. कायदेशीर, नियामकाखालच्या ब्रोकरकडे.

इथे किरकोळ ग्राहकाला मोठ्या चलनजोड्यांत आपल्या पैशांच्या ३० पटीपेक्षा मोठा सौदा मिळत नाही. २०१८ मध्ये युरोपच्या नियामकाने तो आकडा आणला, इथल्याने तो कायम ठेवला. त्याआधी त्यांनी देशोदेशींची खाती तपासली तेव्हा ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात निघाली होती. आता प्रत्येक ब्रोकरला आपल्याकडची तोट्यातली टक्केवारी पहिल्याच पानावर छापावी लागते. सिगारेटच्या पाकिटावर असतं तसं. मी ते वाचलं होतं आणि सगळ्यांसारखं मलाही वाटलं होतं की ते बाकीच्यांबद्दल आहे. खात्यात आहे त्यापेक्षा जास्त बुडू शकत नाही, हा दुसरा नियम. स्प्रेड बेटिंगच्या, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर पिपमागे लावलेल्या पैजेच्या नफ्यावर इथे कर नाही, आणि मला ते मोठं आकर्षण वाटायचं. नंतर कळलं, नफाच नसेल तर करमाफीचं लोणचं घालायचं का!

सप्टेंबर २०२२ चं सांगते. शुक्रवारी नव्या अर्थमंत्र्यांनी करकपातीचं मिनी बजेट मांडलं, पौंड कोसळला. मला वाटलं अति झालं, सोमवारी उसळणार. संध्याकाळी १.०८८० ला पौंड घेतला, पिपला पाच पौंड, स्टॉप लॉस १.०७०० ला लावला, आणि शांत झोपले. सोमवारी पहाटे, इकडे सगळे झोपलेले आणि आशियात बाजार नुकता उघडलेला, पौंड काही मिनिटांत १.०४ च्या खाली गेला. डॉलरपुढे इतका खाली तो कधीच गेला नव्हता. माझा स्टॉप लॉस १.०७ ला होता, सौदा कापला गेला १.०६२० ला. स्टॉप लॉस म्हणजे "या भावाला विक" नाही, "या भावाला पोहोचलं की मिळेल त्या भावाला विक", हे त्या दिवशी कळलं. तीन हजारांतले तेराशे गेले.

आता गंमत ऐक. महिन्याभरात पौंड १.१५ ला होता. माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं होतं. मी फक्त त्या बरोबर ठरण्याच्या वाटेवर टिकले नाही. शेअर असता तर धरून ठेवला असता. उसन्या वजनावर घेतलेल्या सौद्यात धरून ठेवणं आपल्या हातात नसतं.

मला अजून हे आवडतं, खोटं कशाला बोलू. पाचशे पौंडांचं खातं ठेवलंय, पिपला पन्नास पेन्स. चार वर्षांचा एकूण हिशोब उणे १,१५० पौंड. नवऱ्याची गोल्फची फी यापेक्षा जास्त आहे, असं मी त्याला सांगते.

निवांत_काका
टेम्सकाठच्या ताईंनी नेमकं सांगितलं. आमच्या खोलीतली एक आठवण जोडतो. १५ जानेवारी २०१५, दुपारचे तीन. स्विस नॅशनल बँकेने युरोला किमान १.२० फ्रँकची मर्यादा घालून तीन वर्षांहून अधिक काळ ती राखली होती, आणि दोन-चार दिवस आधीपर्यंत राखणारच म्हणत होती. त्या मिनिटाला सोडून दिली. युरो १.२० वरून एक फ्रँकच्या खाली. स्क्रीनवर मधले भाव दिसलेच नाहीत. आमचा एक तरुण डीलर म्हणाला, "सर, सिस्टीम बिघडली." सिस्टीम ठीक होती. त्या दिवशी जगात काही मोठे किरकोळ ब्रोकरसुद्धा आडवे झाले.

आणि अशा खोल्यांत बसणारे कोण होते? आमच्यासारखे, ज्यांना पगार मिळायचा, ज्यांच्यामागे बँकेचं भांडवल होतं, ज्यांना तोट्याची मर्यादा ओलांडली की साहेब खुर्चीतून उठवायचे. या बाजारात २०२२ च्या मोजणीनुसार रोज साडेसात लाख कोटी डॉलरची उलाढाल होत होती. तिथे तुझ्यासमोर बसणारा माणूस हिंजवडीत शिफ्ट करून आलेला नसतो.

बागायतदार_निफाड
काकांच्या "तुझ्या आयुष्यात डॉलर कुठे आहे" या प्रश्नाचं मी दुसरं टोक. माझ्या आयुष्यात युरो आहे, नको तितका. चुलतभाऊ आणि मी मिळून द्राक्षं युरोपात पाठवतो. जानेवारी ते एप्रिल हंगाम, माल रॉटरडॅमला उतरतो, पैसे दीड-दोन महिन्यांनी. तोवर युरोने काय करावं हे युरोच ठरवतो.

२०२२ ला चाळीस हजार युरोंचं येणं होतं. फेब्रुवारीत युरो पंच्याऐंशीच्या आसपास. बँकेतला साहेब म्हणाला, फॉरवर्ड करून टाका, म्हणजे पुढे येणाऱ्या युरोंचा भाव आजच बांधून घ्या, पुढच्या तारखेचा भाव आजच्यापेक्षा थोडा वरचाच मिळतोय. (तो नेहमी वरचा का मिळतो हे मला काकांनीच इथे जुन्या धाग्यात समजावलं होतं: आपले व्याजदर तिकडच्यापेक्षा जास्त, तो फरक भावात धरलेला असतो.) मी म्हटलं, अठ्ठ्याऐंशी बघू. तेवढ्यात युक्रेनचं युद्ध पेटलं, एप्रिलअखेरीला युरो एक्क्याऐंशीच्या घरात. दीड लाखाहून जास्त गेले. औषध-फवारणीचा एका एकराचा खर्च नुसता बघत बसण्यात घालवला.

तेव्हापासून माल निघाला की निम्म्याहून अधिक रक्कम बांधून टाकतो. कधी नंतर युरो वर जातो आणि चुलतभाऊ कुरकुरतो, बघ, सोडून दिलं असतं तर. त्याला म्हणतो, गारपिटीचा विमा काढला आणि गार पडली नाही म्हणून कोणी रडतं का. माझं सांगायचं एवढंच की मी ट्रेडिंग करतो असं मला वाटतच नाही. मी काही न करणं हेच ट्रेडिंग होतं, आणि ते मी २०२२ ला केलं.

दर्यावर्दी_मालवण
बागायतदारांचं वाचून विचारतो. मी जहाजावर असतो, पगार डॉलरमध्ये. एजंट लोक सांगतात, तुम्हाला डॉलर कळतो, ट्रेडिंग करा.

निवांत_काका
डॉलरमध्ये पगार घेणं आणि डॉलर कळणं यांचा काही संबंध नाही रे बाबा. तुझ्याकडे डॉलर आधीच आहे, रुपया घसरला की तुझा फायदा आपोआप होतो. वर आणखी डॉलर विकत घेणं म्हणजे एकाच टोपलीत पुन्हा अंडी. अनिवासी म्हणून तुझा दर्जा टिकत असेल तर बँकेत एफसीएनआर ठेव बघ. मुदत एक ते पाच वर्षं, ठेव परकीय चलनातच राहते. एजंटला सांग, समुद्रावर नेट नसतं.

आणि ज्यांची मुलं बाहेर शिकतात त्यांच्यासाठी: हप्ते तारखेला भरायचे असतात, तेव्हा थोडे थोडे डॉलर आधीपासून घेत जा. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल नावाचा मंच २०१९ पासून आहे. तिथे बाजारभाव समोर दिसतो, आणि बँक त्यावर किती लावते हेही दिसतं. शाखेतल्या कार्डरेटशी, म्हणजे बँकेने ठरवून लावलेल्या भावाशी ताडून बघा आणि मग मला दुवा द्या. (वेबसाइटचा नव्हे.)

अर्धी_भाकरी
भडंगवाल्याच्या बायकोच्या बाजूने कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

माझा नवरा दीड वर्ष हे करत होता. पैसे फार गेले नाहीत, साठ-सत्तर हजार. पण रात्री साडेअकराला अमेरिकेचा व्याजदर जाहीर होणार म्हणून मुलाच्या वाढदिवसाला केक कापतानाही डोळे मोबाइलवर. थंडीत तर तो निकाल साडेबाराला यायचा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा आकडा, म्हणून त्या शुक्रवारी कोणाकडे जायचं नाही. मला अमेरिकेत किती लोकांना नोकऱ्या लागल्या ते पाठ झालं होतं. सकाळी चहाच्या वेळी चेहरा बघून कळायचं रात्री काय झालं, आणि विचारलं तर "काही नाही".

तुमच्या आकड्यांत बावीस, सोळा, अठरा लिहिलंय. बायकोला यातला कुठला आकडा माहीत आहे?

भडंगवाला
ताई, वीस. तेही "एका स्कीममध्ये टाकलेत" एवढंच.

अर्धी_भाकरी
मग तिला जुगार वाटतो त्यात तिचं काय चुकलं?

जुना_गिरणगाववाला
जरा अवांतर. मटका कसा सुरू झाला माहितीय का? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडणारे आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत यायचे, त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं बंद झालं तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात आल्या. आमचे आजोबा गिरणीत होते, कापूस रोज हातात असायचा, पण न्यूयॉर्कच्या भावाचं त्यांना काय देणं-घेणं? तरी लावायचे. साठ-सत्तर वर्षांनी त्यांचा पणतू न्यूयॉर्कच्या आकड्यावरच लावतोय, फक्त तार मोबाइलमध्ये आली.

हजरजबाबी
अवांतर म्हणून आलेला प्रतिसाद मुख्य निघाला की हो.

सीए_सदाशिवपेठी
कराचं थोडक्यात, कारण पुढे कोणीतरी विचारणारच. एक्स्चेंजवरच्या करन्सी फ्युचर्स-ऑप्शन्सचं उत्पन्न धंद्याचं धरतात, पगारदाराचं साधं विवरणपत्र चालत नाही, आयटीआर-३ लागतं. तोटा झाला तरी दाखवा, पुढे ओढता येतो. बेटावरच्या अ‍ॅपमधल्या नफ्याचं काय, असं मला फोनवर विचारू नका, मी उत्तर देणार नाही.

आणि कुठेतरी "९३ टक्के बुडतात" असं वाचाल, तो सेबीचा आकडा शेअरच्या एफ अँड ओचा (फ्युचर्स-ऑप्शन्सचा) आहे, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ चा. एक कोटीहून अधिक लोकांचा हिशोब, सरासरी दोन लाखांच्या आसपास तोटा. चलनाचा नाही. चलनात पाण्याची खोली वेगळी असेल, पण पोहणारे तेच.

निवांत_काका
भडंगवाला, गप्प का? रागावलास का?

भडंगवाला
नाही काका. काल रात्री बायकोला अ‍ॅप उघडून दाखवलं. बावीस, सोळा, अठरा सगळं सांगितलं. ती रागावेल वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "हे आत्ता काढले तर येतील का?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तिच्यासमोरच पूर्ण रकमेची विनंती टाकली. स्टेटस "प्रलंबित".

आणि तिरकी रेघ ताई, मावसभावाच्या मित्राला विचारलं. दर लॉटमागे त्याला मिळतात. माझ्या सौद्यांवर त्याला आत्तापर्यंत किती मिळाले ते त्याच्या अ‍ॅपवर दिसतं, त्याने हसत हसत दाखवलं. माझ्या तोट्यापेक्षा थोडे जास्तच आहेत.

पोळलेला
फोन आला तर एक पैसाही भरू नकोस. काहीही सांगोत, टॅक्स, बोनस, व्हॉल्यूम पूर्ण करा, काहीही. आणि यूपीआयच्या सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेव, अ‍ॅपमधलं खातंही. नंतर लॉगिन होत नाही. परत येणारे पैसे कोणाच्या नावाने येतात त्याची नोंद ठेव, पगाराच्या खात्यात घेऊ नकोस.

भडंगवाला
पगाराचंच खातं जोडलेलं आहे. बदलायला गेलो तर नव्याने केवायसी मागतंय.

निवांत_काका
मग उद्या सकाळी शाखेत जा, काय घडलंय ते लेखी दे आणि पोच घे. पगार काही दिवस दुसऱ्या खात्यात घेता येतो का, एचआरला विचार.

भडंगवाला
तीन दिवसांनी अपडेट. शाखेत अर्ज दिला, पोच घेतली. मॅनेजर म्हणाले, या महिन्यात असा अर्ज देणारा तू चौथा. काल संध्याकाळी फोन आला, आवाज अगदी पोळलेला दादांनी सांगितला तसा गोड. म्हणाली, आत्ता काढू नका, खात्यात आणखी पंधरा हजार टाका, तेवढाच बोनस देतो. नको म्हटलं. आज सकाळी १,४०० रुपये आले, पाठवणाऱ्याचं नाव कुठल्याशा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं. बाकीचे "तपासणीत". बायकोने वहीत नाव आणि तारीख लिहून ठेवलीय. १९३० ला आत्ता फोन लावलाय, रांगेत आहे.